दोन पलंगांची खोली

"आम्ही या खोलीत राहणार," रेणूने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "खिडकीतून सगळा लॉख दिसतो."

"आपण," परीक्षित म्हणाला.

"काय?"

"आपण राहणार म्हण. आम्ही नाही."

रेणू नुसती हसली. हा दोघांचा जुना खेळ होता. ती जन्मली, वाढली मिशिगनमध्ये. मराठी आलं ते आईच्या स्वयंपाकघरातून, अर्धंमुर्धं. समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण' आणि सोडून बोलायचं तर 'आम्ही', हे तिच्या डोक्यात शिरायचंच नाही. लग्नाआधी भर हॉटेलात तिने त्याला विचारलं होतं, "मग आम्ही लग्न कधी करायचं?" नागपूरच्या परीक्षितला तेव्हा ठसका लागला होता. तेव्हापासून तो चूक काढायचा आणि ती हसायची. अलीकडे ती रविवारी लेकीला, सईला, मराठी शाळेत सोडून तिथेच मागच्या बाकावर बसायची. तिथे काय करतेस, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"तर या लॉकच्या काठी अजून काय आहे?" त्याने विचारलं.

"इट्स लॉख, बाबा. ख!" सई म्हणाली. पोरगी नऊ वर्षांची, पण चुका काढण्यात बापावर गेलेली.

स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या लॉखच्या, म्हणजे तळ्याच्या, काठचं ते गाव म्हणजे मोजकी घरं, एक सराई आणि एक पब. त्याचे फोटो रेणू कधीपासून बघत होती. आधी यलोस्टोन ठरलं होतं, मग अलास्का. दोन्ही परीक्षितने आयत्या वेळी कॅन्सल केलं, कारण त्याचा गाड्यांचा प्लांट. यलोस्टोनच्या वेळी रेणू खूप भांडली. अलास्काच्या वेळी मात्र ती एक शब्द बोलली नाही, भरलेल्या बॅगा शांतपणे रिकाम्या केल्या. परीक्षितला भीती वाटली ती त्या शांतपणाची. या वेळी घोळ घातला तर संसारच हातचा जाईल, हे त्याला कळून चुकलं होतं.

आणि नव्या गाडीचं लाँच नेमकं त्याच आठवड्यात आलं होतं.

फोन थरथरला. अमित, त्याचा मॅनेजर. परीक्षितने फोन उलटा ठेवला, उठला, फ्रिज उघडला, काहीच न घेता बंद केला आणि परत येऊन बसला.

"पबमध्ये फिश सूप मस्त मिळतं म्हणे," रेणू सांगत होती. "स्मोक्ड हॅडॉकचं. दुसरं फारसं काही नसतं."

माशाच्या नुसत्या वासानेही परीक्षितला मळमळायचं. रेणूचं माहेर मूळचं मालवणचं; सईसुद्धा आजोळावर गेलेली.

"वा," तो म्हणाला. "ब्रेड तर असेलच."

"मग बोटीने बेटावर. तिथे पडका किल्ला आहे. बोट जरा हलते."

"गोळी घेईन."

खोली छपराखालची होती. तुळई इतकी खाली, की त्याच्यासारख्या सहा फुटी माणसाचं कपाळ रोज शेकून निघालं असतं. आणि पलंग दोनच.

"सई तुझ्याजवळ झोपेल, मी दुसऱ्यावर," तो म्हणाला.

रेणू फोटो पुढे सरकवत राहिली. हिला आपलं काहीच कसं लक्षात राहत नाही, असं त्याच्या मनात आलं. पण राग आला नाही, उलट बरंच वाटलं. इतकी वर्षं तिने सोसलं, आता आठवडाभर आपण सोसू.

फोन पुन्हा थरथरला. तो पुन्हा उठला.

"माझा पासपोर्ट वरच्या ड्रॉवरमध्ये आहे," पडदा उगाच मागेपुढे करत तो म्हणाला. "तिकिटांचं?"

"ते झालं," रेणू म्हणाली. मग लॅपटॉप मिटला. "भूक लागली. आज आपण पिठलं करू या?"

"करू या की," तो म्हणाला आणि कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी अमितने त्याला ऑफिसात गाठलंच.

"यार, फोन तरी उचल! लाँच आहे. तू नसलास तर असेंब्ली लाइन कोण बघणार?"

"दुसरं कोणीतरी बघेल."

"मग टीम लीडची जागाही दुसऱ्यालाच जाईल. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

ती जागा मिळावी म्हणून तर यलोस्टोन गेलं, अलास्का गेलं. त्याला रिकाम्या केलेल्या बॅगा आठवल्या.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मी बायको-पोरीबरोबर स्कॉटलंडला चाललोय."

घरी येताना त्याला इतकं हलकं वाटत होतं, की नोव्हाय गावातल्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्येही तो शीळ घालत होता. वाटेत थांबून त्याने उलटीच्या गोळ्यासुद्धा घेतल्या.

हॉलमध्ये बॅग उघडी होती. रेणू सईचे स्वेटर भरत होती. परीक्षितने गोळ्यांची डबी खुळखुळ्यासारखी वाजवली.

"रजा मंजूर! अमितला स्पष्ट नाही म्हणालो. लीड गेलं तर गेलं."

रेणूचे हात थांबले. तिचे डोळे एकदम भरून आले. आनंदानेच, असं त्याला वाटलं.

"परीक्षित," ती हळूच म्हणाली, "आम्ही शनिवारी निघतोय."

"आपण गं, आपण!" तो हसत सुटला. "कधी शिकणार तू?"

कोणीच हसलं नाही. सईने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि बापाला नेहमी इंग्रजीत उत्तर देणारी ती पोर स्वच्छ मराठीत म्हणाली,

"नाही बाबा, आई बरोबर बोलतेय. आम्ही."