मोरीतल्या मुंग्या

"चोरून गोड खातोस तू! लाज नाय वाटत?" मेहुल दारातच ओरडला.

जानू आत्ताच बोटीवरून उतरून घरी आला होता. अंगाला डिझेलचा वास, हातात ओल्या कपड्यांची पिशवी. पिशवी खाली ठेवून त्यानं पोराकडं बघितलं.

"मी काय खाल्लं?"

"मोरीत जाऊन बघ. लघवीच्या जागी मुंग्यांची रांग लागलीय परवापासून. आमी काय आंधळे हाय?"

दांडी गावात घरं एकमेकांना चिकटून. शेजारची ज्ञानेश्वरी वहिनी बोंबील वाळत घालायचे सोडून ऐकत उभी राहिली. मेहुलला ती दिसली, तरी त्याचा आवाज खाली आला नाय. उलट चढला.

"डॉक्टर काय बोलले? शुगरनं किडनी गेली तर डायलिसिस. सुजीतमामाला लावला ना मशीनवर? आता भिंतीवर फोटो हाय त्याचा. बाजूला खिळा ठोकून ठेवू काय तुझ्यासाठी?"

"मेल्या, बापाशी असं बोलतात?" मेहुलची आई जमना मध्ये पडली. बोईसरच्या बाजारात दिवसभर टोपलीपुढं बसून तिचे पाय सुजले होते. लंगडतच ती मोरीत गेली, फिनेल ओतलं आणि खसाखसा घासायला लागली.

जानूनं ओले कपडे दोरीवर टाकले. जेवला पण नाय. ज्ञानेश्वरी वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. म्हणजे रात्रीपर्यंत अख्ख्या आळीला कळणार.

दुसऱ्या दिवशी पालघरला जानूची तपासणी होती. रक्त, लघवी सकाळीच दिली होती. मेहुल आणि जमना सोबत आले, पण जमना बाहेर बाकड्यावरच बसली. भाऊ गेल्यापासून तिनं दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

डॉक्टर समिधा मॅडमनी रिपोर्ट बघितले. "जानूकाका, किडनी अजून खराब झालीय. असं व्हायला नको होतं."

"गोड खातो तो, मॅडम," मेहुलनं सांगून टाकलं. "मोरीत मुंग्या लागतात."

मॅडम हसल्या. "अरे, किडनीसाठी नवीन गोळी दिलीय ना, ती साखर लघवीतूनच बाहेर काढते. मग मुंग्या लागणारच! त्यासाठी गोड खायची गरज नाही."

मेहुलचं तोंड एवढंसं झालं. बापाकडं बघायची हिंमत होईना. तो नुसता त्याच्या चपलांकडं बघत बसला. पट्ट्याला अजून वाळू चिकटलेली होती. काल या माणसाला त्यानं आल्या आल्या, पाणी पण न देता, आळीसमोर चोर म्हटलं होतं.

"गोळ्या रोज घेतात ना?" मॅडमनी विचारलं.

"बाबा घेतो की," मेहुल घाईघाईनं म्हणाला. निदान आता तरी बापाच्या बाजूनं बोलावं. "मीच आणतो बोईसरवरून. पाकीट रिकामं झालं की लगेच. एक गोळी उरत नाय."

मॅडमनी पुढचा कागद उलटला. त्यांचं हसू गेलं.

"मग यांच्या लघवीत साखर कशी नाही? ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीत साखर यायलाच पाहिजे. काका, गोळ्या जातात कुठं?"

जानू बोटांची नखं बघत राहिला.

"पण मॅडम, मुंग्या तर..." मेहुल बोलता बोलता थांबला. मुंग्या आल्या तेव्हा तर बाबा खोल समुद्रात होता. घरात तो आणि आई, दोघंच होते.

जानू उठला. पिशवी काखेत मारली. पोराच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड मात्र दाराकडं.

"गोळ्यांवरनं तुझ्या आयशीला ओरडू नको. आत यायला भिते ती. चल, मी निघतो आता, बोट सुटंल."