दुसरी चाल

गाणं शाळेपासून सगळ्यांच्या ओळखीचं. पण वृंदगानात मनस्विनीच्या वाट्याला मूळ चालीच्या खालून जाणारी दुसरी चाल आली होती, आणि बाकीच्यांनी मूळ चाल धरली की ती हमखास तिकडंच घसरायची. "उद्या कार्यक्रमात घसरणार असं वाटलं, तर नुसते ओठ हलवा," सर म्हणाले होते.

म्हणून ती सिडकोतल्या घराच्या गॅलरीत एकटीच आपली चाल घोटत बसली. शेवटी शेजारच्या, मूळच्या पाचोडच्या वच्छलाबाईंना राहवलं नाही. निवडायची मेथी टाकून त्या कठड्याशी आल्या.

"पोरी, लई दिवस झाले ऐकायले मी. सगळं चुकीचं म्हणायलीस. अगं, असं हाय ते!"

आणि त्यांनी खड्या आवाजात मूळ चाल सुरू केली. मनस्विनीनं डोळे गच्च मिटले आणि आपली चाल धरली. वच्छलाबाईंनी आवाज चढवला, टाळ्या वाजवल्या, गाणं शेवटापर्यंत नेलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढं शिकवलं, तरी तुझं आपलं तेच!"

"नक्की तेच ना, मावशी?" मनस्विनीनं आनंदानं उडीच मारली. "जरासुद्धा सुधारलं नाही ना?"