वल्ह्यावरचं वैर

"त्यो डावीकडं बसणार असंल, तर मी उजवीकडं," असं बापूसोनं बजावलं, की सुकाणू धरणाऱ्या शिदूआप्पांना शर्यत जिंकल्यासारखीच वाटे.

बापूसो आणि रंगराव चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांत अबोला. होडीत बसले की ईर्ष्येनं एकमेकांहून जास्त जोर लावत, मागचे चौघे त्यांच्या तालानं वल्ही मारत आणि होडी कृष्णेतून बाणासारखी सुटे. सलग सहा वर्षं शर्यतीची ढाल गावातच होती.

यंदा तंटामुक्ती समितीनं दोघांचा समेट घडवला. हार घातले, फोटो काढले. आठवड्यानं शर्यत झाली.

"दमलास काय, दादा? जरा इसावा घे," भर शर्यतीत रंगराव मायेनं म्हणाला.

"तू बी घे की."

होडी शेवटून पहिली आली. गावाला तंटामुक्तीचं बक्षीस तेवढं मिळालं.

दुसऱ्या दिवशी, सत्तर वर्षांत कुणाची चहाडी न केलेले शिदूआप्पा बापूसोच्या सोप्यात चहा पीत म्हणाले, "गोडी झाली, झ्याक झालं. पण तुझ्या हातात जोर ऱ्हायला न्हाई म्हणून हरलो, असं रंगराव सांगत फिरतोय."

बापूसोनं कपबशी खाडकन आपटली. मनातल्या मनात देवाची माफी मागून शिदूआप्पांनी चपला घातल्या आणि ते रंगरावच्या घराकडं निघाले.