मोहरीची उशी

अणुयुग आधी दिल्लीत येईल, मग मुंबईत आणि उरलंसुरलं आमच्या गावात, अशी सर्वांची खात्री होती. १९५८ साली सर्वेक्षणाचे साहेब किनाऱ्यावरची काळी वाळू तपासायला आले. पाणी प्यायला शेवंतीच्या घरात शिरले, तर त्यांचं किरणं मोजायचं यंत्र पाळण्यातल्या बाळाच्या उशीपाशी कडकडू लागलं.

"उशीत काय आहे?"

"मोहरी परवडणा नाय, म्हणान दर्यावरची काळी वाळू भरली. झिलाचा डोक्या गोल होवक होया मां."

"त्या वाळूतले अणू आपोआप फुटत असतात, बाई."

"मगे माझ्या झिलाक काय होतला?"

साहेबांनी बाळाकडे पाहिलं. "डोकं छान गोल झालंय."

उशी त्यांनी नमुना म्हणून घेतली आणि कर्मचाऱ्यांना अपाय नको म्हणून, नियमाप्रमाणे, शिशाच्या जाड डब्यात बंद केली.