घड्याळजीचं बेट, भाग दुसरा

“ताई, तुझ्या कॉम्प्युटरवर खेळ? तुझ्या?” पायांतले बूटही न काढता धाकट्याने विचारलं.

“‘घड्याळजीचं बेट’चा दुसरा भाग आलाय,” थोरली शक्य तितक्या सहज म्हणाली. “म्हटलं, बघावं तरी. पण मेलं काही जमत नाहीये. बस ना जरा.”

धाकटा क्षणभर दारातच थांबला. मग बूट काढले, हात धुतले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

सहा वर्षांनी तो तिच्या घरी मुक्कामाला आला होता, तोही कामानिमित्त. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. बाकीच्यांनी हात टेकले की त्याला पाठवायचे. एरवी बहीणभावाचं बोलणं महिन्यातून एकदा, फोनवर. “बरी आहेस ना?” “बरी आहे. तू?” “मी बरा.” की संपलं. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

थोरली कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांवर ती मेणात एकेक दात बसवायची. परक्यांच्या तोंडी हसू बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सख्ख्या भावाला हसवल्याला मात्र चोवीस वर्षं झाली होती.

त्या वर्षी आई गेली. बाबा छापखान्यात दुपारपाळीला. घरात ही दोघंच; ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला, तो अकरा वर्षांचा. पोराचं मन रमावं म्हणून मामाने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि सोबत ह्या खेळाची सीडी. समुद्रातलं बेट, बेटावरची सगळी घड्याळं बंद पडलेली. चित्रात दिसेल त्या वस्तूवर क्लिक करायचं, कामाची असेल ती पिशवीत टाकायची, कुठली कुठे लागते ते ओळखायचं, की पुढचं दार उघडे.

रोज संध्याकाळी हाक यायची. “ताई, अडकलोय गं!”

ती पुस्तक पालथं घालून जायची. बघते तर किल्ली समोरच खिळ्याला लटकलेली. “डोळे आहेत की बटणं, ठोंब्या?” म्हणत ती टेकायची, दार उघडून द्यायची. बोलता बोलता अर्धा तास कसा गेला ते कळायचं नाही. आपला भाऊ जरा मठ्ठच आहे, हे तिने तेव्हा मनाशी पक्कं केलं होतं.

चार महिने हे चाललं. परीक्षेच्या आदल्या दिवशीही हाक आली. पडद्यावर भिंतीला चांगली शिडी टेकलेली, आणि हा विचारत होता, वर कसं चढू? तिचं डोकंच फिरलं. तिने सीडी काढली आणि कडकन मोडली.

“घे! आता अडकूच नकोस!”

तो रडला नाही. तुकडे वेचले, दप्तरात ठेवले. त्यानंतर त्याने तिला कशासाठीच हाक मारली नाही. गणित अडलं तरी नाही, ताप चढला तरी नाही.

आईविना पोर, त्याला एक खेळ मिळाला होता, आणि त्याचा शेवटही आपण त्याला बघू दिला नाही. हे थोरलीच्या मनातून कधी गेलं नाही. नोकरी लागल्यावर तिने तीच सीडी शोधत दुकानं पालथी घातली. मिळाली नाही. दुसरा भाग निघाल्याचं कळलं तेव्हा तिने तो त्याच दिवशी घेतला, तीन आठवडे खपून अख्खा संपवला, आणि मग मनाशी ठरवलं: आपल्याला काही येत नाही. दारं त्याने उघडायची. ह्या वेळी शेवट त्याने बघायचा.

“आता समुद्रात कसं जायचं रे?” तिने विचारलं.

“ती वल्ही घे की.”

“अगं बाई! खरंच की!”

धाकटा हसला आणि माउस त्याने स्वतःकडे ओढला. दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका वकिलाने आतूनच नोटीस पाठवायची धमकी कशी दिली, ते त्याने साभिनय सांगितलं. स्वतःच्याच कवळीवर बसलेल्या गृहस्थांची गोष्ट तिने सांगितली. हा माणूस इतकं बोलतो, हे ती विसरूनच गेली होती.

मग तिला राहवलं नाही.

“ती सीडी मी मोडायला नको होती रे.”

तो पडद्याकडेच बघत राहिला. “परीक्षा होती तुझी.”

“म्हणून काय झालं? तुझा खेळाचा शेवट बघायचा राहिला तो राहिलाच.” ती घाईघाईने पडद्याकडे वळली. “जाऊ दे. हे बघ, तळघरात सगळा अंधार आहे. इथे तर अडकलेच मी.”

धाकट्याने माउसवरचा हात काढला.

“ताई, तू हा भाग आधीच संपवलायस.”

“छे! कुणी सांगितलं?”

“पिशवीत कंदील आहे. शेजारी काडेपेटी आहे. इथे कोण अडकतं?”

चोरी पकडली गेली होती. थोरलीने पदराशी चाळा केला. “तू शेजारी बसावंस म्हणून केलं रे. एरवी बसला असतास का?”

“कळलं मला ते,” धाकटा म्हणाला. “पहिला भाग मी आठव्याच दिवशी संपवला होता.”