जजसाहेबांच्या शेजारी

लुईझियानातल्या उसाच्या मळ्यावरच्या त्या जुन्या हवेलीच्या दफनभूमीत आता एकच जागा उरली होती, पणजोबा जजसाहेबांच्या शेजारची. सर्व संतांच्या दिवशी थडग्यांना चुना द्यायला सगळे नातलग जमले, आणि ओडील व युलाली या ऐंशीतल्या चुलत बहिणी त्या जागेवरून भांडल्या.

"जजसाहेबांचं नाक माझ्याकडेच आलंय," ओडील म्हणाली.

"म्हणून तर जिथे तिथे खुपसतेस!" युलाली म्हणाली.

शेवटी पाद्रीबाबांनी चिठ्ठ्या टाकल्या. युलाली जिंकली. चार पिढ्या तिथली थडगी राखणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या थेओफीलला तिने लगेच बजावलं, "माझ्या वेळी जपून खणा हं. जजसाहेबांना धक्का लागता कामा नये."

"ते इथे नाहीत, बाईसाहेब," थेओफील ब्रश चुन्यात बुडवत म्हणाला. "सत्तावीस सालच्या पुरात सगळ्या शवपेट्या तरंगत गेल्या. माझ्या आजोबांनी त्या शोधून आणल्या आणि त्यांना योग्य वाटलं तिथे पुरल्या."

"मग इथे कोण आहे?"

 

"आजोबांची आई, तुमच्या हवेलीची स्वयंपाकीण. तुम्ही खुशाल या, फक्त गप्प पडून राहा. तिला शेजारी बडबड खपत नसे."