काटा बारा घरांवर

"परत बारा घरं," धाकटा म्हणाला आणि मापाच्या डायलवरची नजर काढून त्यानं दाजींकडे पाहिलं. "काल दुपारी काटा शून्यावर होता. मीच बघितला."

"लोखंड आहे. बसतं रातोरात," दाजी म्हणाले आणि पाना उचलला.

धाकटा म्हणजे ताईचा, दाजींच्या बायकोचा, भाऊ. स्वतः साठी ओलांडलेला, निवृत्त फिटर. पण या घरात तो धाकटाच. रोज सकाळी दहाला तो दाजींच्या मागच्या खोलीत हजर व्हायचा. दाजींनी चाळीस वर्षं कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची एक बांधायला घेतली. जाड पोलादी पट्ट्या, भंगारातल्या ड्रिल मशीनचं डोकं, जुन्या वॉशिंग मशीनची मोटर. सगळं जमलं, फक्त दोन टोकं समोरासमोर येत नव्हती. डावीकडचं टोक फिरतं, उजवीकडचं स्थिर. त्यात केसभर फरक पडला तरी काम एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक निघतं. फरक किती, ते डायलचा काटा घरं मोजून सांगतो.

दोघं मिळून दुपारपर्यंत टोक रेषेत आणायचे, बोल्ट आवळायचे. सकाळी बघावं तर बोल्ट पाव फेरा ढिला. ये रे माझ्या मागल्या.

"मोटरीची थरथर," दाजी म्हणायचे.

धाकट्याला वाटायचं, थरथर हातांची आहे. एके काळी हा माणूस नख फिरवून फरक सांगायचा. काम पुरं झालं की त्यावर बारीक आकड्यांची तारीख ठोकायचा. घरातल्या खिडकीच्या कड्या, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्यांवर त्या तारखा होत्या. "पोराला जन्मतारीख असते, मग कामाला नको?" असं म्हणायचा. आता तोच माणूस चार महिने एका बोल्टशी झुंजत होता.

शेजारच्या खोलीत ताई झोपून होती. खाटेजवळ तिचं शिलाई मशीन. त्यातला पितळी बुश, दांड्याभोवतीची छोटी नळी, झिजला होता आणि बाजारात तसला मिळत नव्हता. लेथवर तोच पहिला करायचा, असं ठरलं होतं. चार महिन्यांपूर्वी डॉक्टर तपासून गेले आणि दाराबाहेर हळूच म्हणाले, "पंधरा दिवस धरा." ताईचे कान तिखट. संध्याकाळी तिनं दोघांना बोलावून सांगितलं, "पंधरा दिवस असोत नाहीतर पन्नास. तुमची लेथ होऊन माझ्या मशीनला बुश बसेपर्यंत मी कुठं जात नाही. शब्द आहे माझा."

आणि खरंच गेली नाही. डॉक्टर येत, नाडी बघत, मान हलवत.

"काय फिटरसाहेब," धाकटा चहा घेऊन आत गेला तेव्हा ताई म्हणाली, "किती घरं?"

"बारा."

"तुम्ही दोघं मिळून एक खिळा तरी सरळ ठोकाल का रे?" ती हसली आणि लगेच कळ आली. तिनं त्याचं मनगट धरलं. कळ सरली, तरी तिनं ते सोडलं नाही. "थकले रे मी. रात्र सरत नाही. पण शब्द देऊन बसलेय ना. आणि ह्यांचा हात असा गेलेला बघून डोळे कसे मिटू? मागं ह्यांनी करायचं काय? तूच काहीतरी कर."

धाकट्यानं हळूच मनगट सोडवलं आणि चहाचा कप तिच्या हातात दिला.

दुपारी दाजी औषधं आणायला निघाले. जाताना सवयीनं त्यांनी सदऱ्याचा वरचा खिसा चाचपला.

"काय जपताय एवढं? हिरा आहे काय?" धाकट्यानं चेष्टा केली.

"नट आहे," दाजी म्हणाले आणि गेले.

धाकट्यानं टोक रेषेत आणलं. काटा शून्यावर आला. बोल्ट आवळला. मग मनाशी ठरवून त्यानं ड्रिल घेतलं, टोकाच्या बैठकीतून खालच्या पट्टीपर्यंत आरपार भोक पाडलं आणि त्यात पोलादी खुंटी ठोकून बसवली. आता बोल्ट ढिला होवो नाहीतर गळून पडो, टोक जागचं हलणार नव्हतं. खालच्या ट्रेमधला कीस झाडताना कोपऱ्यात, तेलात काळवंडलेली पितळेची दोनतीन वेटोळी दिसली. लेथ अजून कशाला लागलीच नव्हती. भंगारासोबत आली असतील, म्हणून त्यानं फडक्यानं पुसून टाकली.

"ताई!" तो दारातूनच ओरडला. "झाली! शून्य म्हणजे शून्य!"

ताईनं डोळे मिटले. कित्येक दिवसांत तिचा चेहरा एवढा सैल झाला नव्हता. "आज बुश बसव म्हणावं ह्यांना," ती म्हणाली. "एक टाका घालते, आणि मग सुटले."

दाजी परतले तेव्हा धाकटा छाती काढून लेथपाशी उभा होता. दाजींनी डायल पाहिली. खाली वाकून खुंटी पाहिली, बोटानं हलवून पाहिली. औषधांची पिशवी त्यांच्या हातातून खाली आली आणि ते स्टुलावर बसले.

"काढता येईल?" त्यांनी विचारलं.

"काढायची कशाला? पक्की ठोकलीय!"

"अहो," आतून ताईचा आवाज आला, "आलात ना? बुश कधी करताय?"

दाजींनी वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक वस्तू काढून धाकट्यासमोर ठेवली. पितळेचा छोटा बुश होता, खिशात राहून राहून गुळगुळीत झालेला. धाकट्यानं तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

कडेवर बारीक आकड्यांत तारीख ठोकलेली होती. डॉक्टर पंधरा दिवस सांगून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.